रात्रीची मिसिंग

मोफिजुल म्हणाला, रात्री मारते. दिवसा नाही.
मी म्हटलं, रात्री आम्हीसुद्धा.

सलमाबादच्या गॅरेजात दुपारी दीड वाजता
पत्र्याचा तवा झालेला, पाना फडक्यानं धरायचा,
आणि त्याची एक्क्याण्णवची होंडा
वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखी
शहाण्यागत चालते.
टक टक टक टक.
एक ठोका गळत नाही.
अबू महदी खुर्चीतूनच हात हलवतो,
खलास, पाठव त्याला.

दुसऱ्या दिवशी तो परत हजर.
डोळे लाल, न वाटलेले पेपर कॅरिअरला तसेच.
ईसा टाऊनच्या सिग्नलला तीनदा बंद पडली म्हणे.

मग रीतीनं लागलो.
प्लग काढला. काळा, ओला,
चुलीजवळच्या फुंकणीच्या तोंडासारखा.
फटीचं माप कधीचं हरवलंय,
हॅकसॉचं पातं तेवढंच जाड, ते चालतं.
कार्बोरेटर खोलला, जेट उजेडाकडे धरला,
भोकातून मोहरीएवढं आभाळ दिसलं, म्हणजे साफ.
पेट्रोल बाटलीत काढून रात्रभर ठेवलं,
पाणी खाली बसतंय का बघायला.
नाही बसलं.
पॉइंट घासले. कंडेन्सर बदलला,
तोही दुसऱ्या म्हाताऱ्या गाडीतला.
दिलबहादूर म्हणाला, दाजू, भूत आहे.
म्हटलं, भुताला इथला व्हिसा कोण देतो?

गुरुवारी थांबलो.
दिवसभराची कोरडी आग उतरली
आणि समुद्राकडून ती ओल आली,
जिच्यात दोरीवरचा शर्ट वाळायचा सोडून भिजतो.
काचांना घाम. पान्यांना घाम.
अकराला किक मारली.
टक टक टक
टक टक
    टक.
घ्या.

आडिवऱ्याला आमचा एक पोस्टमन होता,
बोलताना अडकायचा,
पण दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवताना कधीच नाही.
त्याचं कारण कुणी शोधलं नाही.
आम्ही पोरं नुसती नक्कल करायचो.

बराच वेळ ऐकत बसलो.
मग एवढंच सुचलं : दिवे घालव.
दिलबहादूर मेन स्विचकडे गेला.
शेजारच्या न्हाव्याची पाण्याची फवारणी मोफिजुलच्या हातात.
हळू मार. कॉइलकडून प्लगकडे ये.
काळोखात इंजिन आणि आम्ही तिघं.

आणि टोपणाच्या दोन बोटं अलीकडे
वायरच्या रबरातून
एक निळा धागा फ्रेमवर उडी मारताना दिसला.
केसाएवढा.
पुन्हा.
पुन्हा.
मोफिजुल पुटपुटला, की शुंदोर.
हातातली बाटली दाबायचं विसरला.

वायर तुटलेली नव्हती.
इतक्या उन्हाळ्यांनी रबर तडकलं होतं,
बोटाला न लागणारी चीर.
कोरड्यात वीज सरळ जाते,
ओलीत तिला मधेच जवळची जागा सापडते.
कॉइलमधून पुरी निघते,
प्लगपर्यंत पोचत नाही.

माझाही पगार पाच तारखेला इथून पुराच निघतो.
मधे मेहुणा, मधे पतपेढी,
मधे कोण कोण.
बायको फोनवर विचारते, एवढेच?
मी कधी दिवे घालवून पाहिलं नाही.

वायर टोपणासकट एक दिनार दोनशे फिल्स.
मजुरी अबू महदीनं अर्धीच लावली,
वर चहा मागवला, का ते विचारलं नाही.

आता पहाटे साडेतीनला
खोलीतले सात जण घोरत असताना
ती खालच्या रस्त्यानं जाते.
मी पडल्यापडल्या मोजतो.
टक टक टक टक टक
आणि मशिदीच्या वळणावर एक गळतो.

उठून बसतो.
स्पीडब्रेकर आहे तिथं.
असावा.